तिच्या पाठीचा निर्णय

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीच्या कण्याचा बाक वाढलाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, ऑपरेशन करा, नाहीतर पाठीचा पट्टा आणखी वर्षभर लावून बघू. आम्ही दोघांनी पट्टाच ठरवलाय. अकरा वर्षांच्या पोरीच्या पाठीवर सुरी, नुसता विचारही नको वाटतो. बोलणी चालली तेव्हा तिला बाहेर बसवलं होतं. तिच्या जिवाला घोर नको म्हणून आम्ही हसतखेळत वावरतो. पण चिमणी गप्प झालीय, धड जेवतही नाही.

माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.
तुझी धाकटी

१० मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

वर्गात पोरांना ‘प्रश्न विचारा’ म्हणून घसा कोरडा करतेस आणि घरच्या पोरीला दाराबाहेर? वा गं मास्तरीणबाई! तिच्या पाठीचा निर्णय तिच्या पाठीमागे कशाला? मी शिंपी माणूस. आईला विचारून शिवलेला फ्रॉक लेकीला काखेत काचतो, हे रोज बघतो. ठरवा तुम्हीच, मोठे तुम्ही आहात. पण आधी तिला विचारा. रडेल, घाबरेल. आत्ता गप्प आहे ती काय आनंदाने?

रागावलीस तरी लिही.
तुझा दादा

२१ मार्च

ती. दादास,
सा. न.

विचारलं. पोरगी म्हणाली, जिना चढताना तिला कधीपासून धाप लागते. मी घाबरेन म्हणून बोलली नव्हती! आम्ही तिच्यापासून लपवतोय, ती आमच्यापासून. दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. हिचा पहिला प्रश्न, दुखेल का? बाई म्हणाल्या, सुरुवातीला चांगलंच दुखेल. मी दचकले, ती मात्र सैल होऊन बसली. श्वास तपासल्यावर बाई म्हणाल्या, आता वर्षभर थांबणं बरं नाही. चिमणीने जरा विचार करून मान डोलावली. अट एकच: आईला रडायचं असेल तर बाहेर जाऊन.

वहिनीला नमस्कार. धीर देत राहा.
तुझी धाकटी

२ मे

ती. मामास,
सा. न.

दुखलं. खूप. पण सांगितलं होतं तेवढंच. आईने अट पाळली, बाबांनी मोडली.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक छोटी मुलगी आहे. काल सिस्टर तिला सुई द्यायला आल्या तेव्हा तिने दोन्ही हात पोटाखाली लपवले आणि सगळे तिला धरायला धावले. मी पडल्यापडल्याच म्हटलं, तिला विचारा ना, कुठल्या हाताला. सिस्टर थांबल्या. वाकून त्यांनी विचारलं.

तिने दोन्ही हात काढून नीट बघितले आणि डावा पुढे केला.

भेटायला ये, पण हसवू नकोस, टाके ओढतात.
तुझी चिमणी