दक्षिण उतारावरचे चार दिवस

प्रिय भांडकुदळ,

माझं तोंड पाहायचं नाही, असं तू ठरवलं असणार. मग कागद तरी वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

आज दिवसभर बंद खाणीच्या दक्षिण उतारावर शेवटच्या मोजणीला होतो. पाठमोरं उभं राहून लोखंडी चौकट खांद्यावरून मागे फेकायची आणि पडेल तिथली रोपं मोजायची. जागा डोळ्यांनी निवडायची नाही, नाहीतर माणूस हिरवंच शोधतो. वीसदा फेकली. शंभर रोपं मोजली, त्यांतली नऊ जिवंत. लावणीचं काम बघणाऱ्या मॅडमनी आकडा कागदावर लिहिला आणि कागद दुमडला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ड्रायव्हरकाका तेवढे म्हणाले, अरे, हे लावलंय की पुरलंय? कोणी हसलं नाही.

तुझे बाबा सांभाळतात त्या ऑफिसच्या रोपवाटिकेतली रोपं ती. ट्रकमधून मीच उतरवली होती. मुळं पांढरीशुभ्र, सरळ. पोराला पहिल्यांदा शाळेत सोडायला यावं तसे बाबा मागोमाग आले होते. हळू ठेव रे, विटा आहेत का त्या, असं दहादा ओरडले. मग सगळ्यांदेखत ते नेहमीचं: कॉलेज अर्ध्यावर सोडणारा उद्या पोरगीही अर्ध्यावर सोडेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांच्या टेबलावर वही आपटून मी कॉलेजातून निघालो, हे खरं. पण तुला सोडायचं माझ्या सात जन्मांत जमणार नाही, हे त्यांना कोण सांगणार?

आता खरं ते सांगतो. खाणीतून उपसलेली ती काळी माती उन्हात तव्यासारखी तापते. म्हणून लावणीआधी पंधरा दिवस, रोज दुपारी दोनला, तिच्यात थर्मामीटर खुपसून आकडा लिहायचा. आकडे कमी राहिले तर रोपं लावायची, नाहीतर आधी वर्षभर नुसतं गवत. हे काम माझ्या एकट्याकडे होतं. अकरा दिवस मी इमानेइतबारे केलं. तेव्हा आभाळ ढगाळ होतं.

मग तू फोन उचलणं बंद केलंस. पुढचे चार दिवस मी तुझ्या हॉस्टेलसमोर, झेरॉक्सच्या दुकानापाशी उभा होतो. तिसऱ्या दिवशी तू मला पाहिलंस आणि पडदा ओढून घेतलास. परत येऊन मी ढगाळ दिवसांचेच आकडे एखाद्या अंशाने इकडे-तिकडे करून वहीत उतरवले. ऊन पडल्याचं मला माहीत नव्हतं, असं म्हणणार होतो. पण तुला कशाला फसवू? तिथे उभ्या उभ्या माझी मान भाजून निघाली होती.

मॅडमनी वहीवर विश्वास ठेवला. लावणी झाली आणि महिन्याभरात मुळं करपली. ऑफिसने ठरवलं, रोपंच कमजोर होती. बाबांची अठरा वर्षांची मेहनत एका ओळीत निकालात काढली. मी गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मला बरंही वाटलं. आता म्हणा म्हटलं, अर्धवट कोण ते!

मग इतक्या दिवसांनी तुझा फोन आला. तू रडत होतीस. रोपं तूच उतरवलीस ना, मग तूच सांग की ती चांगली होती, म्हणालीस. आणि मी? तुझा आवाज कानावर पडल्याच्या आनंदात मी म्हणालो, बघतो. बघतो! माझी जीभ झडली कशी नाही?

उद्या दहाला बाबांना कामावरून काढून टाकायच्या कागदावर सही होणार आहे. आज दोनदा मॅडमच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. माझा राग काडीसारखा पेटतो, आणि हिंमतही तशीच, फुंकर लागली की विझते. तू घरी आली आहेस, असं ड्रायव्हरकाका म्हणाले. सकाळी तेच हे पत्र तुझ्या हातात देतील. बाबांबरोबर तूही ऑफिसात ये. मी स्वतःहून बोललो तर ठीक. माझी दातखीळ बसली तर हे मॅडमपुढे ठेव; अक्षर वहीशी जुळेल. फक्त यातलं प्रेमाबिमाचं खोडू नकोस. खाडाखोड दिसली तर त्यांना शंका येईल. सगळं ऑफिस वाचेल आणि हसेल. हसू दे.

तुझाच, तुला नको असलो तरी