मंजूच्या हातच्या तिसऱ्या

मी, खेमा सोमला आडे, वय एकसष्ट, राहणार जऊळक्याजवळचा तांडा, जिल्हा वाशीम, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना हे लिहून ठेवतो. पोट माझं बिघडलेलं आहे, बुद्धी नाही. तसा दाखला डॉ. नीलिमा यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. शेत तीन एकर, स्वकष्टाचं. त्यातले विहिरीकडचे दोन एकर मुलगा अमरदीप याला. उरलेला एक एकर आणि राहतं घर माझी धाकटी भावजय मंजू करण आडे हिला. विहिरीच्या पाण्यावर दोघांचा सारखा हक्क. अमरदीप, तुला राग येईल. पुढचं सगळं वाच, मग राग कर.

२. मुलगी चंदा हिला तिच्या आईचे, म्हणजे कै. रामीबाईचे, चांदीचे सर्व दागिने. ते वितळवू नयेत.

३. मुकादमीची हत्यारं, घण, छिन्न्या आणि दोन पहारी, अमरदीपला. तिसरी पहार शेजारच्या गोविंदाकडे आहे. ती हरवली असं तो सात वर्षं सांगतो आणि मी ती जाता-येता त्याच्या गोठ्यात पाहतो. ती आता त्यालाच दिली, म्हणजे लपवायचा त्रास नको.

४. सन २०१३ मध्ये मी तांड्यातली अकरा माणसं घेऊन कोकणात धक्क्याच्या दगडकामावर गेलो. ओहोटीला खाडीत तिसऱ्या, म्हणजे समुद्रातल्या शिंपल्या, ढिगाने दिसल्या. नदीतल्या शिंपल्या आम्ही लहानपणापासून उकळून खातो, म्हणून मला वाटलं, ह्याही तशाच. एका कोळणीने मंजूला आणि रामीबाईला बजावलं, की पाण्याला लाली आली आहे, सध्या आम्हीही तिसऱ्यांना हात लावत नाही. रामीबाई माझ्याकडे आली. "मंजू नाही म्हनते. ते बाई मना करून राह्यली."

मी म्हणालो, "आमी काय पयल्यांदा खाऊन राह्यलो? उकळलं का सारं मरते. चूल पेटवा."

मुकादमाचा शब्द कोण मोडणार? मंजूने रांधलं. सगळ्यांना ओकाऱ्या आणि जुलाब लागले, ओठांना आणि बोटांना मुंग्या आल्या. करणने सर्वांत जास्त खाल्ल्या होत्या, वरचं पाणीही प्याला होता. दवाखान्याच्या वाटेवर त्याचा श्वास थांबला. करण माझा धाकटा भाऊ, मंजूचा नवरा. त्याला मी खांद्यावर खेळवलं होतं.

डॉ. नीलिमा यांनी गेल्या वर्षी मला समजावलं. शिंपली पाणी गाळून पोट भरते. समुद्रात विषारी सूक्ष्म जीव वाढले की त्यांचं विष तिच्या मांसात साठतं. चव बदलत नाही, वास येत नाही आणि उकळून ते जात नाही. म्हणजे रांधणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. माझं पोट तेव्हापासून नीट झालं नाही. डॉक्टर म्हणतात, हा वेगळा आजार आहे. असेल.

५. तांड्यात परतल्यावर तांड्याचे प्रमुख, नायक मदनसिंग, यांनी सर्वांसमोर मला विचारलं, "रांधलं कोनं?"

"मंजूनं."

"कोनी मना केल्तं काय?"

"कोनंच नाही."

आमच्यात धाकटी भावजय जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बोलत नाही. मंजू पदर ओढून तिथेच उभी होती. माझं खोटं तिने ऐकलं आणि एक शब्द काढला नाही. तेव्हापासून तिच्या हातचं कोणी खात नाही. लग्नात तिला चुलीजवळ येऊ देत नाहीत. नवऱ्याला विष घातलं, असं बायका तिच्या तोंडावर म्हणतात. रामीबाई जाताना मला म्हणाली, "आता तरी सांगा." तेव्हाही मी सांगितलं नाही. मुकादम म्हणून मला मान होता आणि तो माझ्याच्याने सुटला नाही. मंजू, मी तुझा गुन्हेगार आहे.

६. माझ्या तेराव्याला हे पत्र अमरदीपने नायकांच्या अंगणात मोठ्याने वाचावं. त्यानंतर मंजूला बोलू द्यावं. माझ्याबद्दल तिला जे बोलायचं असेल ते, जितका वेळ बोलायचं असेल तितका वेळ. कोणी मधे पडू नये आणि तिला रीत सांगू नये. जेठ आता समोर नाही.

दोन्ही साक्षीदारांनी माझी सही होताना पाहिली आहे आणि माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या आहेत. नायकांनी मजकूर वाचलेला नाही. ते तो सर्वांसोबत ऐकतील.

ठिकाण: वाशीम
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४

सही: खेमा सोमला आडे

साक्षीदार:
१. मदनसिंग, नायक
२. डॉ. नीलिमा