भिंतीवरच्या बिया

२ जुलै
वर्ध्याहून आणलेलं सामान आज लागलं. कसब्यातली ही तळमजल्याची खोली लहान आहे, पण ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ आणि सोनूची शाळा गल्लीच्या टोकाशी. टायफॉइडनंतर लेक आज पहिल्यांदा खळखळून हसली. ओलसर भिंतीला भोपळ्याच्या बियांसारखं काही चिकटलं होतं, त्यातली एक बी चक्क चालू लागली! घरमालकीण सुशीलाबाई म्हणाल्या, ते जुने भाडेकरू आहेत, ओलीची तक्रार करत नाहीत.

५ जुलै
बिया नव्हेत, एका बारक्या पतंगाच्या अळ्या. ओलीत राहतात. धूळ, जळमटं, केस यांचं घर विणून अंगावर वागवतात. घर दोन्ही टोकांनी उघडं. अळी हवं त्या टोकाने डोकं काढते. सोनूने एक उसवून पाहिलं. उघडी पडलेली अळी वाळून मेली. सोनू किती रडली.
तिचे केस अजून गळतात. विंचरल्यावर गुंतवळाची गुंडाळी केली, थू थू करून खिडकीजवळच्या फटीत खोचली. आईची सवय. केसांवर भांडी देणारी इथे येते का, विचारायला हवं.

११ जुलै
फटीतलं गुंतवळ नाहीसं झालंय. भिंतीवर नवी घरं, काळी, चकचकीत. एकात सोनूच्या रिबिनीचा लाल धागा. सगळी झाडून काढली. संध्याकाळी परत होती, तिच्या उशीच्या वर.

१६ जुलै
फट सिमेंटने बुजवली. सिमेंट वाळतच नाही. सोनूच्या कानामागे टक्कल पडलंय. डॉक्टर म्हणतात, अशक्तपणा. ती भिंतीला चिकटून झोपते. म्हणते, आई, आत ऊब आहे गं. सुशीलाबाईंना सांगितलं. या वेळी त्यांनी टोमणा मारला नाही. पोरीला घेऊन जा म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. उद्याच्या वर्ध्याच्या गाडीचं तिकीट काढलं.

१७ जुलै
भिंतीपासून दूर नेलं की किंचाळते. धाप लागते, जणू मी तिची कातडी सोलतेय. गाडी गेली.
माझी अर्धी पिकलेली वेणी कापली. फट पुन्हा उघडली, तीत कोंबली. तिचे नको. माझे घ्या — माझे घ्या —

१८ जुलै
अंथरूण रिकामं. कपाटामागे, भिंतीला — सोनूएवढं घर. काळं. कडेची शिवण माझ्या पांढऱ्या केसांची.
कात्री हातात आहे. उसवलं तर — ती अळी कशी वाळली होती —
वरच्या टोकातून हाक आली. आई. सोनूच.
खालच्या टोकातून डोकं बाहेर येतंय. ते सोनूचं नाही. तेही म्हणतंय, आ