सोरियाला अठरा जण

चि. नीलांबरीस,

आशीर्वाद आहेत, पण आज जरा आंबट आहेत. हे पत्र पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते.

तुझे सतीशराव गेल्यावर मी स्पेनमधलं सोरियाजवळचं ते ओसाड खेडं आपल्या दोघींसाठी शोधलं. तू ते अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलंस आणि झाले अठरा! कालच्या झूमवर तासभर खल कशावर, तर इंडक्शन शेगडी कोण नेणार यावर. शी! तिथल्या जुन्या मठाच्या ओसरीत मेतकूट-भाताचा यज्ञ!

जोगळेकरकाका म्हणाले, "सुलेखा, तिथे बघायला काय आहे?"

"काहीच नाही, काका."

"मग अर्ध्या दिवसात उरकू की!"

मला शिसारी आली. सगळं कॅन्सल करते, असं म्हणणारच होते, तेवढ्यात तू कॅमेरा लावलास. सतीशरावांनंतर पहिल्यांदाच. केस विंचरलेले होते. हसत म्हणालीस, "काका, तुमची थालीपिठं मी लावीन हं."

एकांत, एकांत म्हणून मी तुला स्पेनला न्यायला निघाले होते. तो तर फ्रिस्कोच्या घरात तुला रोज गिळत होता.

फोडणीचा वास सोसायला तयार असलेली,
तुझी ताई
नोव्हाय