मुरजोच्या सावलीचं माप

२ मे
आले एकदाची. शिवणयंत्र, दोन ट्रंका, जिरेनियमची कुंडी आणि माझा कुत्रा मुरजो, सगळं एकाच खेपेत. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याने पेत्काना मावशींच्या कुंपणावर तंगडी वर केली, म्हणजे घर त्याला पसंत आहे. मावशी माझ्या घरमालकीण. वर त्या राहतात, खालच्या दोन खोल्या माझ्या. घराला लागूनच पाहुण्यांसाठी नव्या खोल्या बांधायला काढल्यात. थोडा आवाज होईल, म्हणाल्या. होईना का. प्लोव्दिव शहरात चौथ्या मजल्यावर आम्ही दोघं सारखे एकमेकांच्या पायात यायचो. इथे अंगण आहे, अक्रोड आहे, समोर डोंगर आहे. मी आज फार खूश आहे.

७ मे
थोडा आवाज म्हणे. सकाळी उजाडत नाही तोच मिक्सर घरघरायला लागतो, मग ड्रिल, मग सळया कापायची करवत. मुरजो पलंगाखाली शिरून थरथरतो. त्याच्या कानांत कापूस घालून वरून स्कार्फ बांधला. तशाच अवतारात तो अंगणात गेला तेव्हा गवंड्यांचा मुख्य, उस्ता रादोय, मला म्हणाला की बाई, सासूबाईंची दाढ दुखतेय वाटतं. सगळे खो-खो हसले, मीही हसले. माणूस चांगला आहे. डब्यातलं पांढरं चीज रोज मुरजोला देतो. मुरजो चीज खातो आणि वर त्याच्यावरच गुरगुरतो. उपकाराची जाण म्हणून नाही मेल्याला.

१२ मे
नव्या खोल्यांची कोपऱ्यातली भिंत पुन्हा कोसळली; मी यायच्या आधीही एकदा पडली होती म्हणे. पायाभरणीला कोंबडा कापला होता, त्याचं मुंडकं त्याच कोपऱ्यात पुरलंय, तरी हे. या वेळी एका गवंड्याचा पाय खाली सापडला. घोट्याचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. अँब्युलन्स येईपर्यंत मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मुरजो भिंतीच्या ढिगाकडे बघून भुंकत होता, घसा बसेपर्यंत.

१६ मे
आज रादोयशी कडाक्याचं भांडण झालं. मुरजो उन्हात उभा राहून चीज खात होता आणि हा बाबा गुडघे टेकून त्याच्या सावलीवर दोरा धरत होता, नाकापासून शेपटीपर्यंत. दोरा तोडला, कोपऱ्यातल्या ओल्या सिमेंटात दाबला, वर वीट बसवली. मावशींनी मला आत नेऊन समजावलं. भिंत उभी राहत नसली की कुणाच्या तरी सावलीचं माप तिच्यात घालतात. ज्याचं माप, तो छप्पर चढायच्या आत जातो. रादोय दारातूनच म्हणाला, आमच्या आजोबांनी माणसं मोजली बाई, मी कुत्रा मोजला, मला पुण्यच लागेल. मी त्याला सुनावलं की जन्मभर माणसांची मापं घेतेय, अजून एकही गिऱ्हाईक दगावलेलं नाही.

२४ मे
भिंत उभी आहे. मुरजो मात्र खात नाही. परवापासून ओकतोय, त्यात रक्त. गुरांच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. काल स्वतःचाच पाय चावत सुटला, मांस दिसायला लागलं तरी थांबेना. मी तोंड बांधलं आणि रात्रभर त्याला धरून बसले. हा गेला तर माझं कोण आहे?

२८ मे
त्याने एका गवंड्याचा दंड फाडला. त्या माणसाने फावडं घातलं मुरजोच्या बरगड्यांत. मी तेच फावडं हिसकून त्याच्या तोंडावर मारलं. दोन दात पडले. पोलीस येऊन गेले. मला लाज वाटत नाही. मुरजो श्वास घेतो तेव्हा आत काहीतरी खडखडतं.

२ जून
इथली रीत अशी की छप्पर चढलं की घरधनी गवंड्यांना शर्ट देतो, आढ्यावर लावून. शर्ट मी शिवायचे असं मावशींनी ठरवलंय. उस्ताचं माप घे, म्हणाल्या.
उस्ताचं माप.
मला एक सुचलंय.

३ जून
अंगणातच माप घेतलं, उन्हात. छाती, बाही, गळा. फोटोला उभं राहावं तसा ताठ उभा होता. मग मागून, दोऱ्याने, जमिनीवरचं. त्याने वळून पाहिलं नाही. मुलीच्या लग्नातही हाच घालीन, म्हणाला. मुरजो कसाय, विचारलं.

५ जून, रविवार
कामाला सुट्टी. मावशी चर्चला. छिन्नीने वीट काढली, मुरजोचा दोरा ओढून चुलीत घातला. रादोयचा आत. वर सिमेंट, हाताने सारखं केलं.
संध्याकाळी मुरजोने वाडगाभर दही खाल्लं. माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी आनंदाने रडले. रादोयचं नाव मनात आलं, ते मी ढकलून दिलं.

९ जून
छप्पर चढत होतं. रादोय परांचीवरून पडला, खालच्या उभ्या सळयांवर. एक सळई मानेतून, एक पोटातून. लगेच मेला नाही. हाताशी नवा शर्ट होता, तोच मी जखमेवर दाबला. तो माझ्याकडे बघत होता. मग कोपऱ्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे.
त्याला कळलं.

१२ जून
पुरलं त्याला. मुरजो ठणठणीत आहे. पण माझ्याकडे येत नाही. दिवसभर कोपऱ्यातल्या भिंतीपाशी बसतो, वर बघत शेपूट हलवतो. मी दिलेलं खात नाही. तरी मिशांना पांढरे कण. हुंगले. चीज.

१३ जून
मावशींच्या सगळ्या कोंबड्या. मुंडकी ओळीने भिंतीपाशी. मावशी बहिणीकडे निघाल्या. म्हणाल्या, भिंतीत गेलेला घराचा राखणदार होतो, घरातलं जनावर मग त्याचंच — तूही निघ. आणि त्याला कुणी घातलं ते तो विसरत नाही.
त्यांनी मला काही विचारलं नाही.
मुरजोला सोडून मी जाणार नाही.

१४ जून
पट्टा घालायला गेले. दोन बोटं — उजव्या हाताची. गिळली त्याने. डाव्या हाताने लिहितेय. वायर कुरतडलेली, फोन बंद. दाराला कपाट लावलं.

१५ जून, दुपार
धडका मारतोय. थांबतो. बाहेर कुणीतरी त्याच्याशी हळू बोलतं. मग पुन्हा धडक —

खिडकीतून पाहिलं. अंगणात माणसाची सावली आहे. माणूस नाही. मुरजो तिच्या पायाशी बसलेला, कान टवकारून. माझं इतकं कधी ऐकलं नाही त्याने.

हाक मारली. मुरजो, राजा, तुझ्यासाठीच केलं रे मी. त्याने मान वाकडी केली, लहानपणी करायचा तशी. सावलीने हात वर केला —

दाराची खालची फळी फुटली, कपाट सरकलं. त्याचं नाक आत. हुंगतोय. ओळखलं त्याने मला, शेपूट हलवतोय, शेपूट हलवत हलवतच तो —