दार उघड, वानयू

झेंगझोऊ,
मंगळवार, दुपार

प्रिय वानयू,

या नावानं तुला आता कुणी हाक मारत नसेल. छाय काकांच्या घरी गेल्यावर तू वेन झालीस, आणि तुझ्या शाळेतली मुलं तुला छाय बाईच म्हणत असतील. पण माझ्या तोंडात तेच एक नाव बसलंय, तेव्हा रागावू नकोस. पाकिटावर मी तुझं आत्ताचंच नाव घातलंय. आईला स्मशानात पोचवून आल्यावर तू माझा नंबर बंद केलास. त्याची तक्रार करायला हे लिहीत नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही केला असता. फक्त आता दुसरा रस्ता उरला नाही, म्हणून हॉटेलच्या लेटरपॅडवर लिहायला बसलेय. कागद पातळ आहे, शाई पलीकडे उमटते, सांभाळून घे.

बाबा आणि मी गेल्या आठवड्यापासून तुझ्याच शहरात आहोत. मेंदूच्या दवाखान्यासमोरच्या गल्लीत एक हॉटेल आहे, तिथे. हॉटेल वाईट नाही, हे आधीच सांगते. धड महाग नाही, धड स्वस्त नाही. नमुन्यांच्या बॅगा ओढणारे विक्रेते, नोकरीच्या परीक्षेला आलेली मुलं, आणि एक्स-रेची मोठी पाकिटं काखेत धरलेली आमच्यासारखी माणसं इथे उतरतात. पहिल्याच दिवशी कुणाच्या हातात कसलं पाकीट आहे ते बघून आम्ही एकमेकांना ओळखायला लागलो. गाद्या फळीसारख्या कडक आहेत, पण बाबांना त्या आवडल्या. भिंतीवर धुक्यातल्या डोंगरांचं चित्र आहे, तेच लिफ्टसमोर, तेच जेवणघरात. 'सिगारेट ओढू नका' अशी पाटी आहे आणि गालिच्याला सिगारेटचाच वास आहे. किटली मी घरून आणली, कारण शेजारच्या पंग वहिनींनी बजावलं होतं, "हॉटेलच्या किटलीत लोक मोजे उकळतात गं बाई, तू आपली न्यायचीस."

सगळ्यात वाईट म्हणजे न्हाणीघराची भिंत. ती काचेची आहे. ज्यानं कुणी ती बांधली, त्याच्या मनात नवी लग्न झालेली जोडपी असतील. सत्त्याहत्तर वर्षांच्या बापाला आंघोळ घालणारी मुलगी त्याच्या मनात आली नसणार. पहिल्या दिवशी बाबा आत उघडे उभे होते आणि समोरच्या आरशात स्वतःलाच बघून ते घाबरले. "तो म्हातारा कोण आहे? त्याला बाहेर काढ," असं ओरडायला लागले. मी चादर काढून काचेवर टांगली. तेव्हापासून तशीच आहे. झाडझूड करणारी बाई पलंगासाठी वेगळी चादर देऊन जाते.

इथे एक यंत्र आहे, उंच डब्यासारखं. लोकांनी मागवलेलं जेवण घेऊन ते आपलंआपण लिफ्टमध्ये चढतं आणि लहान मुलीच्या आवाजात म्हणतं, "कृपया थोडी वाट द्या." बाबा भिंतीला चिकटून उभे राहतात आणि त्याला म्हणतात, "जा बाळ जा, शाळेला उशीर होईल." मी हसले होते. हसण्यासारखं एवढंच घडलं, म्हणून तुला सांगितलं.

आईच्या पश्चात ते माझ्याकडेच आहेत. सुरुवातीला चष्मा हरवायचा, मग गॅस चालू राहायला लागला. मग एकदा ते सिमेंटच्या कारखान्याचा जुना निळा डगला घालून पाळीवर निघाले, कारखाना पाडून तिथे इमारती झाल्यात तरी. मी बालवाडीच्या स्वयंपाकघरातलं काम सोडलं. माझा नवरा दक्षिणेत कामाला आहे, फोनवर "धीर धर" म्हणतो. धीर कशाला धरायचा असतो ते मला विसरायला झालंय. बाबा मला मारतात, वानयू. रोज नाही. कपडे बदलताना त्यांना वाटतं की मी कुणी चोर आहे. मग थोड्या वेळानं माझ्या हातावरचा वळ बघून तेच विचारतात, "कुणी केलं हे? नाव सांग." आपल्या तालुक्याच्या डॉक्टरांनी इथे आणायला सांगितलं. इथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी बाबांना काही चित्रं दाखवली, काही प्रश्न विचारले, आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गोळ्या देते. पण मागं फिरणारा आजार नाही हा. तुमच्याबरोबर अजून कोण आहे?" मी म्हटलं, आहेत सगळे.

दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं. त्या सकाळी बाबांना मी न्याहारीला खाली नेलं. पातळ भाताची पेज, वाफवलेले पाव, तिखट लोणचं. ते नीट जेवत होते. त्यांच्या गोळ्या वर खोलीत राहिल्याचं माझ्या लक्षात आलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगितलं, "जरा लक्ष ठेवा हं." मी वर जाऊन आले तेवढ्यात खुर्ची रिकामी. त्या बाई बिचाऱ्या रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, "मी अंडं आणायला उठले तेवढंच."

काउंटरवरच्या मुलीनं कॅमेऱ्यात बघितलं. बाबा हातात खोलीचं दुसरं कार्ड धरून, कुठे जायचंय ते पक्कं ठाऊक असल्यासारखे सरळ दारातून बाहेर पडताना दिसले. चपला हॉटेलच्याच, पांढऱ्या कापडी. मी सगळी गल्ली पालथी घातली, दवाखाना, बसचा थांबा, बाजार. पोलीस चौकीवरचा मुलगा माझ्या नवऱ्याच्या भाच्याच्या वयाचा असेल. तो म्हणाला, "मावशी, बसा आधी. म्हातारी माणसं रोज हरवतात आणि बहुतेक सापडतात." बहुतेक हा शब्द त्यानं उगाच वापरला. त्यानं विचारलं, "या शहरात त्यांच्या ओळखीचं कुणी आहे का?" मी तुझं नाव घेतलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं.

संध्याकाळी काउंटरवर फोन आला. याच हॉटेलची दुसरी शाखा जुन्या रेल्वे स्टेशनजवळ आहे. तेच नाव, तोच रंग, तेच डोंगर. बाबांनी कार्डाचं पाकीट दाखवलं होतं आणि रिक्षावाल्यानं त्यांना तिकडे सोडलं होतं. स्टेशनजवळ न्या, असं त्यांनीच सांगितलं होतं म्हणे. तिथे ते कुणाच्या तरी मागोमाग लिफ्टनं वर गेले आणि आमच्याच आकड्याच्या खोलीसमोर उभे राहिले. कार्ड लागेना. मग दार ठोठवायला लागले. आत एक तरुण जोडपं होतं, ते घाबरलं. खालून माणसं आली तरी बाबा हलेनात. मी पोचले तेव्हा त्यांना खाली सोफ्यावर बसवलं होतं, पँट ओली झाली होती, कुणीतरी मांडीवर टॉवेल टाकला होता. हातात पाकात घोळवलेल्या लाल फळांची काडी होती. पाक वितळून बाहीला चिकटला होता. मी हात पुढे केला तर ते अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्ही इथल्याच ना? जरा सांगा ना तिला. माझी मुलगी आत आहे, दार उघडत नाही. म्हणावं, वानयू, दार उघड, बाबा आलेत."

तुला आठवतं की नाही, मला ठाऊक नाही. तू चार वर्षांची होतीस. मी तेव्हा आजीकडे गावी होते, मला नऊ वर्षांचीला कुणी काही सांगितलं नाही. आईनं सांगितलं ते शेवटच्या आजारात. तेव्हा एकाच मुलाचा कायदा होता. दुसरी मुलगी असल्याचं कारखान्यात कळलं होतं, बाबांची नोकरी जाणार होती आणि आजीला नातू हवा होता. छाय काका-काकूंना मूल नव्हतं. बाबा तुला घेऊन इथे आले, स्टेशनजवळच्या एका सरकारी विश्रामगृहात उतरले. सकाळी तुला पलंगावर बसवून म्हणाले, "इथंच थांब हं, फळांची काडी घेऊन येतो." आणि स्टेशनवर जाऊन गाडीत बसले. काकू ठरल्याप्रमाणे दुपारी तुला न्यायला आल्या तेव्हा तू दाराशी बसली होतीस. आई म्हणाली, त्यानंतर या माणसानं कधी गोड खाल्लं नाही. आईला ते फार मोठं वाटत होतं. मला वाटलं नाही, तेही तुला सांगते.

तो नातू काही झाला नाही. राहिले मी एकटी.

त्या दिवसापासून बाबा इथून हलायला तयार नाहीत. मी बॅग भरली की ते पलंगाची कड धरतात. "पोरगी आत आहे आणि मी कसा जाऊ," म्हणतात. अन्न तोंडात धरून ठेवतात, गिळत नाहीत. मी जरा डोळे मिटले की मजल्यावरची दारं ठोठवत फिरतात, तुझं नाव घेत. परवा एका विक्रेत्यानं चिडून त्यांना ढकललं. मॅनेजरबाई वर आल्या, खूप सभ्यपणे बोलल्या, "ताई, आमच्याही घरी म्हातारी माणसं आहेत. पण तक्रारी येताहेत. बुधवारी दुपारपर्यंत खोली मोकळी करता का?" मी हो म्हटलं. कशी करणार ते त्यांनी विचारलं नाही, आणि मलाही ठाऊक नव्हतं. नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "वृद्धाश्रमात विचार." दोन ठिकाणी विचारलं. मारणारा, पळून जाणारा माणूस ते घेत नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. आज सकाळी मी बाबांना आंघोळ घातली, स्वच्छ कपडे घातले, बूट घातले आणि पलंगावर बसवलं. म्हटलं, "इथंच थांबा हं, काहीतरी खायला घेऊन येते." ओळखपत्र तेवढं घेतलं, बॅग मुद्दाम ठेवली. खाली काउंटरवरच्या मुलीकडे बघून हसलेसुद्धा. स्टेशनवर जाऊन घरचं तिकीट काढलं. मनात म्हणत होते, हॉटेलकडे त्यांचं नाव आहे, पत्ता आहे, ते पोलिसांना बोलावतील, सरकार काहीतरी करेल. गाडीची घोषणा झाली, मी रांगेत उभी राहिले, ओळखपत्र यंत्रावर ठेवलं, फाटक उघडलं. मागची बाई म्हणाली, "अहो, जा ना पुढे, बंद होईल ते." झालं बंद. मी बाजूला झाले आणि तिथेच फरशीवर बसले. परत आले तेव्हा खोलीत मिट्ट काळोख होता. कार्ड मी जाताना सवयीनं खाचेतून काढून नेलं होतं, त्यामुळे दिवे गेले होते, आणि या खोलीला खिडकी नाही. मी दिवा लावला. बाबा जिथे बसवले होते तिथेच बसले होते, बूट जमिनीवर जुळवून, हात गुडघ्यांवर. माझ्याकडे बघून म्हणाले, "आलीस? मी कुठ्ठे गेलो नाही." कोणाला म्हणाले, मला की तुला, ते मला कळलं नाही. हे मी नवऱ्याला सांगू शकत नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही. अशा खोलीत मागे राहिलेलं माणूस मला जगात एकच ठाऊक आहे, म्हणून तुला सांगतेय. त्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. त्यांच्याशी बोलूही नकोस वाटलं तर. पण उद्या दुपारी मला ही खोली सोडायची आहे, आणि मी एकटी असले तर पुढच्या वेळी त्या फाटकातून आत जाईन, हे मला आज पक्कं कळलंय. हे पाकीट आज संध्याकाळपर्यंत तुला मिळेल असं कुरियरवाला म्हणालाय. आत हॉटेलचं कार्ड ठेवलंय, मागे पत्ता आहे, दवाखान्यासमोरची शाखा, स्टेशनजवळची नव्हे. मी खाली जेवणघराच्या दाराशी बसेन, राखाडी कोट घालून. तू ये आणि माझ्याजवळ बस.

तुझीच,
वानछिंग