बेलभंडारा आणि एक सही

१२ जानेवारी, सोमवार
दुसऱ्या वर्षाला आज फ्रान्सची क्रांती सुरू केली. टेनिस कोर्टची शपथ. राजानं सभागृहाला कुलूप ठोकलं, तर हे सगळे लोकप्रतिनिधी शेजारच्या खेळाच्या हॉलमध्ये घुसले. हात वर केले, शपथ घेतली, सह्या ठोकल्या! एकानंच नावापुढं 'विरोध' लिहिलं. श्रेया विचारते, "मॅडम, त्या एकट्याचं काय झालं?" म्हटलं, लोक चिडले, पण अध्यक्ष म्हणाले, राहू द्या त्याची सही.

तासावरून खाली आले तर नोटीस. चेअरमन दादासाहेबांचा वाढदिवस २४ ला. तासिका तत्त्वावरच्या सगळ्यांनी वाढायला हजर राहावं. माझ्या नावापुढं — गुलाबजाम! आठ वर्षं शिकवतेय. दरवर्षी हेच. कायमचे प्राध्यापक मांडवात खुर्चीवर बसणार आणि आम्ही वाढपी. डोकंच फिरलं.

१८ जानेवारी, रविवार
नरसिंहपूरला नद्यांच्या संगमावर गेलो, आम्ही तासिकावाले सातजण. यंदा कुणी वाढायला जायचं नाही असं ठरलं. गोकुळसर राज्यशास्त्र शिकवतात, कल्पना त्यांचीच. "टेनिस कोर्ट न्हाय, पण संगम तर हाय!" सगळे हसलो. छान वाटत होतं, खरंच.

मग त्यांनी खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली, बेलाची पानं काढली. निवडणुकीत पॅनेल फुटू नये म्हणून उचलायला लावतात, तसा बेलभंडारा! सहाजणांनी उचलला. माझी पाळी आली. म्हटलं, आमच्या घरात हे चालत नाही. माझा शब्द आहे.

मोना मॅडम नदीकडं बघायला लागल्या. गोकुळसर म्हणाले, "शब्दाचं काय मॅडम, शब्द कुणीबी देतंय. निदान लिहून तरी द्या."

दिलं लिहून. त्याच नोटिशीच्या पाठीमागं — 'मी वाढायला जाणार नाही. करुणा.' त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. लागलं मनाला. आठ वर्षं एका टेबलावर डबा खातोय आम्ही!

१९ जानेवारी
घरी अप्पांना सांगितलं. चहा पिता पिता थांबले.
"दीक्षा घेऊन भंडारा सोडला, त्याला सत्तर वर्षं होत आली. बरं केलंस, न्हाय उचललास. पर कागद का दिलास गं? त्यांचं हळदीचं हात उद्या धुतलं की झालं. तुजी शाई कशी धुशील?"
मला राग आला. म्हटलं, तुम्हाला सगळीकडं दगाच दिसतो.

२१ जानेवारी
राजाला गिलोटिनवर चढवलं. योगायोगानं तारीखही आजचीच निघाली. पोरं खूश. मी पुढं सांगितलं, बारा वर्षांच्या आत त्याच लोकांनी सम्राटाच्या नावानं जयजयकार केला. हे मात्र पोरांपैकी कुणी लिहून घेतलं नाही.

२४ जानेवारी, शनिवार
गेले नाही. दिवसभर कळसलाच, घरी. शेंगा फोडत बसले.

दुपारी मोबाईलवर फोटो आले. गोकुळसर हातात वरणाची बादली घेऊन, फेटा बांधून. मोना मॅडम मठ्ठा वाढतायत. एक, दोन, तीन... सहाच्या सहा! गुलाबजामला कोण होतं दिसलं नाही.

रडले. अप्पा आत आले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "जेवून घे, पोरी."

२७ जानेवारी
दादासाहेबांनी बोलावलं. आवाज चढवला नाही, चहा मागवला. टेबलाच्या काचेखालून तो कागद काढला. "अक्षर छान हाय तुमचं. बाकी कुणी असं लिहिलंय का?"

सहाजणांनी बेलभंडारा उचलला होता, हे तोंडावर आलं होतं. बोलले नाही. पुरावा काय देणार — हळद? आणि नावं घेतली असती तर मीही त्यांच्यासारखीच झाले असते.

उद्यापासून माझे तास बंद.

कागद गोकुळसरांच्या खिशातून पडला असेल. मोटारसायकलवर पडतात अशा वस्तू. उगाच कुणावर आळ घेऊ नये.

३० जानेवारी
काही नाही. उठावंसंच वाटत नाही. श्रेयाचा मेसेज — "मॅडम, तुम्ही कधी येणार? क्रांती अर्धी राहिलीय." काय उत्तर देऊ?

२ फेब्रुवारी
गोकुळसरांचा फोन. तुमचे तास मला दिलेत, म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा. "क्रांतीच्या नोट्स तेवढ्या द्या की मॅडम. आपल्याला त्यातलं काय येतंय!"

दुपारच्या एसटीनं वही पाठवली. पोरांचं काय चुकलं? पहिल्या पानावर पूर्ण नाव लिहिलं, सही केली. पुढं लिहिलं — विरोध.